बेअर, बोअर, बॉर्न : एका विनामूल्य व्युत्पत्तिकोशाची पारख

इंग्रजी शब्द कोठून आले, त्यांची रूपे कशी पालटली आणि त्यांना आजचे अर्थ कसे चिकटत गेले हे सांगणारा ‘ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी’ हा कोश सुमारे दोन दशकांहून अधिक काळ महाजालावर सर्वांसाठी खुला आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लँकेस्टर येथे राहणारे इतिहासलेखक व पत्रकार डग्लस हार्पर यांनी तो मुख्यतः एकट्याच्या चिकाटीवर उभा केला. ‘एटिमऑनलाइन’ या सुटसुटीत नावानेच तो अधिक ओळखला जातो. बीड जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवताना मी तो नेहमी वापरतो. मराठवाड्यातील इंग्रजीच्या शिक्षकाला आणि मराठी माध्यमातून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा किती उपयोग होतो, एवढ्याच दृष्टीने मी येथे त्याचे परीक्षण करणार आहे.

कोशाची खरी पारख करायची असेल तर त्यात एखादा गुंतागुंतीचा शब्द उघडून त्याचा तळ गाठेपर्यंत वाचत जावे. मी त्यासाठी ‘बेअर’ हे अनियमित क्रियापद निवडले, कारण आपल्या शाळांमध्ये ‘व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्री’ या नावाने जो तक्ता पाठ करून घेतला जातो, त्यातील ‘बेअर–बोअर–बॉर्न’ ही ओळ मुलांना सर्वांत जास्त छळते. वाहून नेणे, जन्म देणे, सोसणे, पेलणे, फळ धरणे असे एकमेकांशी नाते नसल्यासारखे वाटणारे अर्थ एकाच शब्दाखाली लिहिलेले असतात, आणि त्याची तीन रूपे ऐकताना मुलांच्या मनात निराळ्याच गोष्टी उभ्या राहतात. ‘बेअर’ म्हटले की अस्वल आठवते. ‘बोअर’ म्हटले की आमच्याकडच्या प्रत्येक मुलाला शेतात घेतलेला बोअर आठवतो, किती फुटांवर पाणी लागले आणि किती बोअर कोरडे गेले याची चर्चा आठवते. शिवाय कंटाळा आला की ‘बोअर झाले’ म्हणायची सवय आता खेड्यापाड्यांतही रुळली आहे.

कोशाचा पहिला लाभ येथेच दिसतो. शोधखिडकीत शब्द टाकला की एकसारख्या दिसणाऱ्या शब्दांच्या स्वतंत्र नोंदी एकाखाली एक उघडतात आणि प्रत्येकीपुढे ते नाम आहे की क्रियापद हे दिलेले असते. अस्वलाचे नाम आणि वाहून नेण्याचे क्रियापद यांची कुळे वेगळी आहेत, हे तेथे तत्काळ कळते. अस्वलाच्या नावाचा संबंध तपकिरी रंगाशी जोडला जातो, म्हणजे ते ‘तपकिरी’ असे टोपणनावच ठरते. त्याचे मूळचे, प्राचीन नाव संस्कृतात ‘ऋक्ष’ आणि ग्रीकमध्ये ‘आर्क्तोस’ या रूपांत टिकले असले तरी जर्मेनिक भाषांनी, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळाने, ते गमावले. श्वापदाचे खरे नाव घेऊ नये, ही शिकारी समाजांतील भीती त्यामागे असावी असे मानले जाते. रात्री सापाचे नाव न घेता ‘लांबडं’ म्हणणाऱ्या घरांतली मुले हे स्पष्टीकरण चटकन स्वीकारतात. जमिनीला भोक पाडण्याचा ‘बोअर’ हे जुन्या इंग्रजीतील ‘बोरिअन’ या क्रियापदापासून आलेले वेगळेच घराणे आहे, आणि कंटाळ्याचा ‘बोअर’ अठराव्या शतकात अवतरला असून त्याचा उगम निश्चित नाही. जेथे उगम ठाऊक नाही तेथे हा कोश तसे स्पष्ट लिहितो, ही त्याची फार मोठी जमेची बाजू आहे. शब्दांच्या रंजक कथा रचणाऱ्यांची संख्या कोणत्याही भाषेत कमी नसते.

आता मुख्य नोंदीकडे येतो. जुन्या इंग्रजीतील ‘बेरन’ या क्रियापदापाशी ती सुरू होते आणि त्या काळीच या शब्दात वाहून नेणे, आणणे, जन्म देणे, प्रतिकार न करता सोसणे, आधार देणे आणि अंगावर धारण करणे एवढे अर्थ एकत्र नांदत होते, असे ती सांगते. म्हणजे आज आपल्याला जो अर्थांचा पसारा वाटतो तो नंतर वाढलेला गोंधळ नाही. हजार वर्षांपूर्वीच्या भाषकालाही हे सारे एकाच क्रियेचे पैलू वाटत होते. ओझे अंगावर घेऊन पुढे जात राहणे हा त्या सर्व अर्थांचा गाभा आहे. पोटात गर्भ वाहणे, मनावर दुःख वाहणे, खांबाने छप्पर पेलणे, फांदीने फळ पेलणे, साक्षीदाराने न्यायालयापर्यंत साक्ष वाहून नेणे, ही सगळी त्याचीच रूपे आहेत. रस्ता सांगताना इंग्रजीत ‘डावीकडे बेअर करा’ असे म्हणतात, त्याचे कोडेही येथे सुटते, कारण दाब देत पुढे सरकण्याच्या कल्पनेतून बरेचसे अर्थ निघाले, अशी टिपणी नोंदीत आहे. ‘मनात बेअर करणे’ म्हणजे ध्यानात ठेवणे, हा प्रयोग सोळाव्या शतकातील आहे.

माझ्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुले असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास त्यांचे आईवडील कारखान्यांकडे निघतात, आणि काही मुलेही त्यांच्यासोबत जातात. हे अर्थ फळ्यावर लिहून झाले तेव्हा त्यांतील एक मुलगी म्हणाली, “सर, मोळी डोक्यावर घेणं आणि सोसणं, हे दोन अर्थ कशाला लिहिले? एकच आहे ना ते.” कोशातील नोंदीचे यापेक्षा नेमके भाष्य मला करता आले नसते.

अर्थांइतकीच रूपांची हकिकत महत्त्वाची आहे, आणि येथे कोशाने थोडक्यात पुष्कळ सांगितले आहे. जुन्या इंग्रजीत या क्रियापदाचे भूतकाळाचे एकवचनी रूप ‘बॅर’ आणि कृदंत, म्हणजे आपल्या तक्त्यातले ‘व्ही-थ्री’, ‘बोरेन’ असे होते. मधल्या काळात भूतकाळाचे रूप ‘बेर’सारखे झाले, पुढे १४०० च्या सुमारास त्याच्या शेजारी ‘बोअर’ दिसू लागले, आणि तरीही ग्रंथांतील भाषेने जुने रूप १६०० नंतरही काही काळ जपले. १६११ सालच्या किंग जेम्स बायबलमध्ये स्त्रीने पुत्राला जन्म दिला हे सांगताना तेच जुने रूप वापरले आहे. आजच्या ‘बोअर’मधील ओकार कृदंतातून भूतकाळात शिरला. म्हणजे आपण मुलांकडून अचल सत्य म्हणून पाठ करून घेतो तो तक्ता अनेक शतकांच्या ओढाताणीतून आजच्या स्थितीत आलेला आहे.

कोशातील दुव्यांवरून शेजारच्या नोंदींकडे गेले की ही ओळ एकटी नाही, हेही कळते. फाडणे, चोरणे, लोकर कातरणे या अर्थांची ‘टेअर’, ‘स्टील’, ‘शिअर’ ही क्रियापदे जुन्या इंग्रजीतील सबल, म्हणजे प्रत्ययाऐवजी आतला स्वर बदलून भूतकाळ करणाऱ्या, क्रियापदांच्या त्याच, म्हणजे चौथ्या वर्गात मोडत. म्हणून ‘टोअर–टॉर्न’, ‘स्टोल–स्टोलन’ यांचा सूर ‘बोअर–बॉर्न’शी जुळतो. सर्वांत बोलकी गोष्ट ‘वेअर’ या नेसण्याच्या क्रियापदाची आहे. ते मुळात प्रत्यय लावून सरळ चालणारे, आजच्या भाषेत नियमित क्रियापद होते. पण चौदाव्या शतकात ते ‘बेअर’ आणि ‘टेअर’ यांच्या वळणावर गेले आणि ‘वोअर–वॉर्न’ असे चालू लागले. अनियमित क्रियापदे हळूहळू नियमित होत जातात, असा आपला समज असतो, आणि बहुतांशी तो बरोबरही आहे. ‘वेअर’ मात्र नेमके उलट्या दिशेने गेले. वर्गात ही चार-पाच क्रियापदे वर्णानुक्रमाने विखुरलेली न शिकवता एका घराण्याची म्हणून एकत्र शिकवली, तर पाठांतराचा भार निम्म्याहून कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

एकाच उच्चाराची दोन कृदंते, शेवटी ‘ई’ नसलेले ‘बॉर्न’ आणि ‘ई’ असलेले ‘बॉर्न’, हा या शब्दातील सर्वांत काटेरी भाग आहे. पहिले जन्माला आलेल्यासाठी आणि दुसरे वाहिलेल्या वा सोसलेल्यासाठी, ही वाटणी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्की झाली, असे कोश सांगतो. त्याआधी लिहिणारे दोन्ही रूपे सरमिसळ वापरत असत. कोश येथे थांबतो. वर्गात मात्र आणखी एक पाऊल पुढे जावे लागते. आईने जन्म दिला हे आईला कर्ता करून सांगायचे असेल, किंवा कर्मणी वाक्यात ‘बाय’ लावून आईचे नाव पुढे जोडायचे असेल, तर जन्माच्या अर्थानेही ‘ई’ असलेलेच रूप लागते. ‘ई’ नसलेले रूप मुख्यतः ‘अमुक साली, अमुक गावी जन्मलो’ अशा वाक्यांसाठी राखून ठेवलेले आहे.

आमच्या भागातील मुलांची या शब्दाबाबतची सर्वांत नित्याची चूक याच ठिकाणी होते. स्वतःची ओळख करून देताना मुले ‘आय बॉर्न इन लातूर’ असे म्हणतात, आणि कितीही वेळा दुरुस्त केले तरी मधले ‘वॉज’ गळून पडते. कारण मराठीत ‘मी जन्मलो’ हे वाक्य मुलाच्याच कर्तृत्वाचे असते. इंग्रजीत मात्र वाहणारी आई आहे आणि वाहिला गेलेला मी, म्हणून तेथे कर्मणी प्रयोग अटळ आहे. क्रियापदाचा मूळ अर्थ ‘वाहणे’ असा आहे, हे एकदा समजले की ‘वॉज’ का लागतो ते वेगळे सांगावे लागत नाही. मुलाखतीच्या तयारीसाठी जी वाक्ये घोकून घेतली जातात, त्यांत हे एक कारण घातले तरी चूक कायमची सुटते. व्युत्पत्ती ही पंडितांची करमणूक आहे, असे मानणाऱ्या सहकाऱ्यांना मी हेच उदाहरण देतो.

या कोशाचा खरा खजिना मात्र धातूंच्या पानांत आहे. ‘बेअर’च्या नोंदीतून ‘भेर्’ या धातूच्या पानावर जाता येते. इंग्रजी, जर्मन, लॅटिन, ग्रीक, रशियन, फारसी, संस्कृत या भाषांची जी समान पूर्वज भाषा अभ्यासकांनी तुलनेतून कल्पिली आहे, तिच्यातील वाहण्याच्या आणि जन्म देण्याच्या अर्थाचा हा धातू आहे. त्या पानावर आधी या धातूपासून इंग्रजीत आलेल्या शब्दांची भली मोठी यादी आहे आणि नंतर अन्य भाषांतील साक्षी आहेत: संस्कृत ‘भरति’ व ‘भृतिः’, अवेस्तातील ‘बरइति’, ग्रीक ‘फेरेन’, लॅटिन ‘फेरे’, आर्मेनियन ‘बेरेम’, गॉथिक ‘बैरन’. संस्कृतातील ‘भ’ जेथे असतो तेथे इंग्रजीत ‘ब’, लॅटिनमध्ये शब्दारंभी ‘फ’ आणि ग्रीकमध्ये महाप्राण ‘फ’ येतो, ही नियमितता जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिम यांनी १८२२ साली मांडलेल्या ध्वनिनियमाचा भाग आहे. ‘भ्राता–ब्रदर’, ‘भ्रू–ब्राउ’, ‘भरति–बेअर’ अशा तीन जोड्या फळ्यावर लिहिल्या की आठवीतील विद्यार्थीसुद्धा तो नियम स्वतः बोलून दाखवतो.

यादीतील इंग्रजी शब्द वाचताना आपण रोज वापरत असलेले कितीतरी शब्द भेटतात. ग्रामीण रुग्णालयातून रुग्णाला संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात ‘रेफर’ करतात, गुरुजींची ‘ट्रान्सफर’ होते, दुकानात ‘ऑफर’ लागते, खताच्या गोणीवर ‘फॉस्फरस’चे प्रमाण छापलेले असते. यांतील पहिले तीन शब्द लॅटिन ‘फेरे’मधून आले आणि चौथा ग्रीकमधून, ‘फॉस्फरस’चा शब्दशः अर्थ प्रकाश वाहणारा असा होतो. ट्रॅक्टरचे किंवा मोटारीचे ‘बेअरिंग’ तर उघडच ‘बेअर’चे अपत्य आहे, कारण फिरत्या दांड्याचा भार ते पेलते. याच कुळात ‘बर्थ’ म्हणजे जन्म, ‘बर्डन’ म्हणजे ओझे आणि ‘बीअर’ म्हणजे तिरडी हे शब्दही आहेत. आईच्या उदरापासून चौघांच्या खांद्यापर्यंत माणूस ज्या ज्या प्रकारे वाहिला जातो, त्या साऱ्यांची नावे एका धातूने पुरवली आहेत. तिरडीचा इंग्रजी शब्द आणि पिण्याच्या ‘बिअर’चा शब्द मात्र एक नव्हेत, हे कोशात स्वतंत्र नोंदींमुळे स्पष्ट होते.

येथपर्यंत कोश आपल्याला हाताला धरून आणतो. पुढची वाट मराठी वाचकाला स्वतः चालावी लागते, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोलाची आहे. संस्कृत शब्द या कोशात रोमन लिपीत, साध्या लेखनात दिलेले असतात. ते देवनागरीत आणून शुद्ध रूपात वाचण्याची, आणि संस्कृतपासून मराठीपर्यंतचा टप्पा गाठण्याची जबाबदारी आपली. इंग्रजीच्या कोशाकडून मराठीची अपेक्षा करणे न्याय्यही नाही. मी त्यासाठी मोल्सवर्थ यांचा १८५७ सालच्या आवृत्तीचा मराठी–इंग्रजी कोश आणि राल्फ टर्नर यांचा भारतीय आर्यभाषांचा तुलनात्मक कोश शेजारी उघडून ठेवतो. हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाविषयक संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. घरात कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ असेल तर उत्तमच.

असे कोश शेजारी ठेवून वाचले की ‘भृ’ धातूचा मराठीतील विस्तार थक्क करतो. ‘भार’, सरपणाचा ‘भारा’, ‘भरणे’, ‘भरणपोषण’, ‘आभार’ हे तर समोर दिसणारे शब्द झाले. जिचे भरण करायचे ती ‘भार्या’, भरण करणारा ‘भर्ता’, आणि त्याच ‘भर्ता’चे लोकभाषेतले रूप म्हणजे जात्यावरच्या ओव्यांतून आजही ऐकू येणारा ‘भ्रतार’. बाळंतपण जवळ आले की आपण ‘दिवस भरले’ म्हणतो, तेव्हाही हेच क्रियापद कामाला येते. आणखी एक शब्द आमच्या मोंढ्यातला आहे. आडतीवर सोयाबीन किंवा तूर भरण्यासाठी जी रिकामी पोती लागतात त्यांना ‘बारदाना’ म्हणतात. तो शब्द फारसीतून आला आणि त्यातील ‘बार’ म्हणजे ओझे. हा फारसी ‘बार’ आणि आपला ‘भार’ हे एकाच ‘भेर्’चे वंशज होत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि कारभार उर्दूत चालत असे, त्यामुळे फारसी वळणाचे शब्द आमच्या बोलीत दाट आहेत. त्यांतलाच एक थेट इंग्रजी ‘बेअर’चा चुलतभाऊ निघावा, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

ज्यासाठी मी हा कोश प्रत्येक इंग्रजी शिक्षकाने वापरावा असे आग्रहाने म्हणतो, ती गोष्ट मात्र याहून खोल आहे. ‘बेरन–बॅर–बोरेन’ या रूपांत स्वर का बदलतो? मूळ धातूत ‘ए’ स्वर असलेले, ‘ओ’ स्वर असलेले आणि स्वर गळालेले अशा तीन अवस्था होत्या, आणि क्रियापदाच्या तीन रूपांनी त्या वाटून घेतल्या. नुसती ‘बेअर’ची नोंद वाचून हे कळत नाही, धातूचे पान वाचताना संशय येतो, आणि संस्कृत व्याकरण आठवले की लख्ख उजेड पडतो, कारण पाणिनीने हीच व्यवस्था गुण आणि वृद्धी या संज्ञांनी बांधली आहे. ‘वृद्धिरादैच्’ आणि ‘अदेङ् गुणः’ ही अष्टाध्यायीची पहिली दोन सूत्रे आहेत. ‘भृत’ हे स्वर गळालेले रूप, ‘भरति’ हे गुणाचे आणि ‘भार’ हे वृद्धीचे. इंग्रजी ‘बॉर्न’ धातूच्या ज्या अवस्थेतून निघाला, त्याच अवस्थेतून आपला ‘भृत’ निघाला आहे.

आता मराठीकडे पाहावे. ‘करणे’चे ‘केला’ का होते, ‘मरणे’चे ‘मेला’ का होते? ‘करला’, ‘मरला’ असे आपण म्हणत नाही, आणि लहान मूल म्हणाले तर हसून दुरुस्त करतो. ‘कर’ हा गुण झालेला धातू आहे आणि ‘केला’ हे ‘कृत’पासून आलेले रूप आहे, ‘मेला’ तसाच ‘मृत’पासून. ‘जाणे’चे ‘गेला’ हे तर ‘गत’पासून, म्हणजे वेगळ्याच धातूपासून आलेले आहे. म्हणजे मराठी मुलाच्या तोंडात ‘व्ही-वन’ आणि ‘व्ही-थ्री’ यांचा भेद शाळेत येण्याच्या आधीपासून आहे, आणि तो इंग्रजीतल्या भेदाइतकाच जुना, त्याच व्यवस्थेतून उतरलेला आहे. याहून विशेष म्हणजे ‘भृ’ हा धातू मराठीने सरळ करून टाकला. आपण ‘भरणे–भरला’ म्हणतो, आणि इंग्रजीने त्याच धातूची जुनी स्वरपालट जपली. कोणत्या भाषेने कोणता धातू सरळ केला आणि कोणता जुन्या वळणावर ठेवला एवढाच फरक आहे. हे समजलेला विद्यार्थी अनियमित क्रियापदांना परक्या भाषेची लहर मानत नाही. आपल्याही घरात तीच जुनी शिस्त आहे, हे त्याला दिसते, आणि त्यानंतर तक्ता पाठ करण्यातली लाज व भीती दोन्ही ओसरतात.

वापरणाऱ्याने काही पथ्ये पाळायला हवीत. धातूच्या आधी जी तारांकित खूण असते तिचा अर्थ ते रूप कोणत्याही लेखात सापडलेले नाही, अभ्यासकांनी तुलनेने सिद्ध केलेले आहे, असा होतो. ते संस्कृत नव्हे. संस्कृत ‘भरति’पासून इंग्रजी ‘बेअर’ निघाले, असे विधान समाजमाध्यमांवर वारंवार फिरते आणि ते चूक आहे. इंग्रज न्यायाधीश व संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या साम्याविषयी भाषण केले, तेव्हाच या भाषा कदाचित आता नष्ट झालेल्या एखाद्या समान स्रोतातून निघाल्या असाव्यात, असे म्हटले होते. या कोशाची मांडणीही तीच आहे. संस्कृतची साक्ष अनमोल आहे, कारण ती फार जुनी आणि नीट जपलेली आहे; तिला बहिणीच्या जागी ठेवल्याने तिचा मान तसूभरही कमी होत नाही. विद्यार्थ्यांपुढे हे स्पष्ट बोलणे मी शिक्षकाचे कर्तव्य समजतो.

दुसरे पथ्य कोशाच्या स्वरूपाविषयी आहे. हा स्वतंत्र संशोधनाचा ग्रंथ नाही. ऑक्सफर्डचा मोठा कोश, अर्नेस्ट क्लाइन आणि रॉबर्ट बार्नहार्ट यांचे व्युत्पत्तिकोश अशा मान्यवर आधारांचे ते साक्षेपी सार आहे आणि आधारग्रंथांची यादी तेथे दिलेली आहे. अवतरणांसहित अर्थांचा सूक्ष्म इतिहास हवा असेल तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाला पर्याय नाही. त्याचे पहिले पुस्तक १८८४ साली निघाले, पहिली आवृत्ती १९२८ साली पूर्ण झाली आणि १९८९ ची दुसरी आवृत्ती वीस खंडांची आहे. परंतु त्याची महाजालावरील आवृत्ती वर्गणी भरल्याशिवाय पूर्णपणे वाचता येत नाही, आणि तालुक्याच्या गावच्या ग्रंथालयात ते वीस खंड असण्याची शक्यता जवळपास नाही. ज्या शाळेत एक संगणक आणि शिक्षकांचे मोबाइल एवढीच सामग्री आहे, तेथे कोणतेही शुल्क न घेता एवढी विश्वासार्ह माहिती देणारा कोश मिळणे ही फार मोठी सोय आहे. नोंदी लहान असतात, त्यांत मुख्यतः मजकूरच असतो, आणि एका शब्दातून दुसऱ्यात जाण्याचे दुवे इतके सुबक जोडलेले आहेत की वाचणारा सहज तासभर रमतो. या रमण्याला वेळेची मर्यादा घालूनच मी हा कोश मुलांच्या हाती देतो.

भाषा इंग्रजीच असल्याने आठवी-नववीच्या मुलांना नोंद एकट्याने समजत नाही. शिक्षकाने आधी वाचून, मराठी अर्धे त्याला जोडून, मग वर्गात न्यावे लागते. त्यातही ‘बेअर’, ‘टेअर’, ‘वेअर’, ‘ब्रेक’, ‘स्पीक’ असा गट आधी घ्यावा, ‘सिंग–सँग–संग’चा गट नंतर, आणि ‘गो–वेंट’ला अगदी शेवटी हात घालावा, कारण तेथे दोन वेगळी क्रियापदे एकत्र आलेली आहेत आणि ‘जाणे–गेला’ची जोड दिल्याशिवाय ते नीट उलगडत नाही. अभ्यासिकांत बसून स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांना मात्र मी हा कोश पहिला म्हणून सुचवणार नाही. त्यांना योग्य शब्दयोगी अव्यय, वाक्यातील उपयोग आणि ध्वनिमुद्रित उच्चार हवे असतात, आणि ते ऑक्सफर्डच्या किंवा केंब्रिजच्या विद्यार्थी-कोशांत महाजालावर तितक्याच विनामूल्य मिळतात. एखादे क्रियापद तेथे पाहूनही पुन्हा पुन्हा चुकत असेल, तेव्हा त्याची नोंद येथे उघडावी.